पोगाचार की विंगेगार्ड? टूरआधी दोन घाटवीरांची तुलना करायची तरी कशी

दुसरा_गिअर

टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा २०२६चा मार्ग हातात आहे आणि गटात अंदाजांची पैज लागायची वेळ झाली आहे. यंदा "मला वाटतं" म्हणून नाव टाकायचं नाही, हिशेब मांडून टाकायचं. म्हणून २०२२ ते २०२५ या चार टूरमधला तादेइ पोगाचार आणि योनास विंगेगार्ड यांच्यातला टप्प्याटप्प्याचा फरक वहीत उतरवला. माथ्यावर संपणारे टप्पे वेगळे काढले, कोणी किती सेकंद कमावले त्याची बेरीज केली, सरासरी काढली.

सरासरी काही बोलतच नाही. २०२३ला पंधराव्या टप्प्यानंतर दोघांत अवघे १० सेकंद होते. पुई द डोमवर पोगाचारने ८ सेकंद काढले, ग्राँ कोलोंबिएवर ४, म्हणजे कल त्याच्याकडेच झुकलेला. पॅरिसमध्ये मात्र विंगेगार्ड ७ मिनिटं २९ सेकंदांनी पुढे. २०२५ला उलटी गंमत. २०२३ला जिथे दम संपला होता त्या कोल द ला लोझवर पोगाचार पुन्हा कोसळणार म्हणून सगळे टपून बसले होते, तिथे त्याने ९ सेकंद कमावलेच.

तर प्रश्न असे. टीव्हीवरच्या वेळेवरून वजनाच्या किलोमागे वॉटचे (पायांच्या ताकदीचे) जे अंदाज फिरतात ते किती धरायचे? "लांब आणि उंच घाट विंगेगार्डचा, आखूड आणि तिखट चढ पोगाचारचा" हे अजून खरं आहे का? आणि टाइम ट्रायलचे (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्याचे) किलोमीटर घाटांसमोर कोणत्या मापाने तोलायचे?

उलटावारा

आकडे नीट उतरवलेत, सरासरी काढलीत तिथे गाडी घसरली. तीन आठवड्यांची शर्यत सरासरीवर ठरत नाही. एकूण फरकातला किती भाग कोणत्या दिवशी आला ते बघा.

२०२२: ग्रानोंवर विंगेगार्डने २:५१ काढले, ओताकामवर १:०४. बाकी तीन आठवडे मिळून पोगाचारच थोडा पुढे. (अधिकृत फरक २:४३ दिसतो, पण पॅरिसच्या आदल्या दिवशी तो ३:३४ होता. शेवटच्या दिवशी विंगेगार्ड सहकाऱ्यांबरोबर रमतगमत रेषा ओलांडत आला आणि ५१ सेकंद सोडून दिले. वहीत ३:३४च धरा.)

२०२३: कोंब्लूची टाइम ट्रायल १:३८, दुसऱ्या दिवशी लोझ ५:४५. दोन्ही मिळून ७:२३. शेवटचा फरक ७:२९. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत शर्यत झाली, बाकी एकोणीस दिवस शून्याला शून्य.

२०२५: काँची टाइम ट्रायल १:०५, ओताकाम २:१०, पेरागूदची चढाची टाइम ट्रायल ०:३६. एकूण ३:५१. शेवटचा फरक ४:२४.

वेगळं वर्ष एकच, २०२४. व्हालुआरला ३७ सेकंद, प्ला दादेला ३९, प्लाटो द बेयला १:०८, इसोला २०००ला १:४२, नीसच्या टाइम ट्रायलमध्ये १:०३. पायरी पायरीने. याला मी "जिना" म्हणतो आणि बाकीच्यांना "दरड". जिना दिसला की समजायचं एकजण सरळ सरळ ताकदवान होता. दरड दिसली की विचारायचं, त्या एका दिवशी काय काय एकत्र आलं?

म्हणून प्रत्येक डोंगरी टप्प्यापुढे दोन रकाने करा. पहिला: दोघे ठीक असतील तर नेहमीचा फरक. तो ५ ते ४० सेकंदांत राहतो. दुसरा: कोसळण्याची शक्यता आणि कोसळला तर किती जाईल. समजा दोन टप्प्यांवर प्रत्येकी दहात एक शक्यता आहे आणि जाणार ३ मिनिटं. हिशेबात ते ३६ सेकंद होतात. टप्प्यात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाला मिळणाऱ्या वेळेच्या बोनसमधला फरक असतो ४ सेकंदांचा, तेव्हा या ३६पुढे तो चिल्लरच. पण हे ३६ सेकंद प्रत्यक्षात कधीच येत नाहीत. एक तर शून्य येतात नाही तर १८०. तुमच्या सरासरीत हरवलं ते हेच.

घाटमाथा

वॉटच्या अंदाजाबद्दल बोलतो, कारण त्यात अर्धवट ज्ञानाचा बाजार फार आहे.

पहिलं माप व्हीएएम, म्हणजे तासाला किती मीटर उभी चढाई. चढलेली उंची मीटरमध्ये घ्या, ६०ने गुणा, लागलेल्या मिनिटांनी भागा. प्लाटो द बेय १५.८ किमी आणि ७.९ टक्के, म्हणजे सुमारे १,२५० मीटर. २०२४ला पोगाचारने तो ४० मिनिटांच्या आत चढला. ४० पूर्ण धरली तरी व्हीएएम १,८७०च्या वर जातं. आता त्यातून किलोमागचे वॉट काढायला जुनं सूत्र आहे: चढाच्या टक्क्यांना १०ने गुणा, त्यात २०० मिळवा, व्हीएएमला त्या आकड्याने भागा. इथे २७९ने भागायचं, उत्तर ६.७. (१९९८ला पांतानीला त्याच घाटाला साडेत्रेचाळीस मिनिटांच्या आसपास लागली होती. पण सायकल, टायर, रस्ता आणि मधल्या तासातलं खाणं, सगळंच बदललंय. त्या तुलनेत मला रस नाही.)

आता चुका कुठे होतात ते.

घड्याळ कुठे सुरू केलं ही सगळ्यात मोठी गोची. घाटाच्या पाटीपासून की शेवटच्या गोल चौकापासून? ३०० मीटर सपाट रस्ता आत आला तर २५-३० सेकंद फुकट वाढतात आणि उंची काहीच वाढत नाही. ४० मिनिटांत ३० सेकंद म्हणजे सव्वा टक्का. तुम्ही ज्या दोन माणसांची तुलना करताय त्यांच्यातला खरा फरकच बहुतेक वेळा दीड-दोन टक्के असतो.

दुसरं वारा. ताशी २४ किमीने चढणाऱ्याला हवेविरुद्ध साधारण ४५-५० वॉट लागतात. मागून सेकंदाला २ मीटरचा वारा असला की त्यातले २०-२५ वॉट वाचतात. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ते किलोमागे ०.३ ते ०.४ पडतात. प्लाटो द बेयचं ६.७ बघून उड्या मारण्याआधी झेंडे कुठल्या दिशेला फडकत होते ते बघा.

तिसरं, मागे चिकटून बसण्याचा फायदा. घाटात ड्राफ्टिंग नसतं असं जे म्हणतात त्यांनी हे आकडे बघावेत: ताशी २४ला चाकामागे साधारण १५ वॉट वाचतात, ताशी १८ला जेमतेम ६. म्हणून ६ टक्क्यांच्या घाटात चिकटून राहता येतं आणि १० टक्क्यांच्या घाटात प्रत्येकजण आपापल्या पायावर असतो. ज्याचा संघ मजबूत त्याला सौम्य घाट सोयीचा. ज्याचे पाय मजबूत त्याला उभा.

चौथं, वजन. पोगाचार ६५-६६ किलोचा, विंगेगार्ड ६०च्या आसपास. सायकल ६.८ किलोच्या खाली जाऊ शकत नाही हा नियम दोघांना सारखाच, म्हणजे हलक्या माणसाला सायकल त्याच्या वजनाच्या मानाने जास्त जड. कपडे, बूट, हेल्मेट, अर्धी बाटली धरून विंगेगार्ड ६८ किलो ओढतोय असं समजा. एक किलो इकडेतिकडे झालं तर ४० मिनिटांच्या घाटात अर्ध्या मिनिटाचा फरक. भरलेली अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे १५ सेकंद. शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी बाटल्या फेकताना दिसतात त्या यासाठी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सूत्र कमी उंचीच्या घाटांसाठी आहे. २,००० मीटरच्या वर प्राणवायू कमी, वॉटच पडतात. गॅलिबिएवरचं व्हीएएम आणि प्लाटो द बेयचं व्हीएएम शेजारी मांडू नका. एकाच दिवशी एकाच घाटात दोघांची तुलना करा, तिथे वारा, रस्ता, घड्याळ सगळ्यांची चूक दोघांना सारखी लागू होते. वर्षावर्षांची तुलना करायचा मोह आवरा.

चाकोरी

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. "लांब उंच घाट विंगेगार्डचा" हा समज २०२२ आणि २०२३च्या दोन दिवसांवर उभा आहे, आणि त्या दोन्ही दिवशी नुसती उंची कारणीभूत नव्हती.

ग्रानों ११.३ किमी, ९.२ टक्के, माथा २,४१३ मीटर. त्याआधी तेलेग्राफ आणि २,६४२ मीटरचा गॅलिबिए. पण खरा खेळ ग्रानोंच्या कितीतरी आधी झाला. तेलेग्राफ ते गॅलिबिए विंगेगार्ड आणि त्याचा सहकारी रॉग्लिच आळीपाळीने उड्या (अचानक वेग वाढवून हल्ले) मारत होते आणि पोगाचार प्रत्येक उडीला स्वतः उत्तर देत होता. पोगाचारचे सहकारी बेनेट आणि लेंगन तोवर कोविडमुळे घरी गेले होते. मर्यादेच्या वर मारलेली प्रत्येक उडी साठवलेली साखर भराभर जाळते, आणि ती साठवण उतारावर भरून येत नाही. उष्ण दिवस असला तर पोटही दगा देतं. ही पोरं तासाला १०० ते १२० ग्रॅम कर्बोदकं खातात, पण उडीला उत्तर देताना खायचं कधी? दोन जेल चुकले की तासाभराने त्याचा हिशेब चुकता होतो.

लोझ २०२३चंही तसंच. २८ किमीचा घाट, माथा २,३०४ मीटर, आधी सेझी आणि कोर्मे द रोझलाँ, आदल्या दिवशी जीव काढणारी टाइम ट्रायल. त्याहून मोठी गोष्ट एप्रिलमधली: लिएज–बास्तोन–लिएज शर्यतीत पडून पोगाचारचं मनगट मोडलं. तेव्हापासून टूरपर्यंत लांब सराव तुटक झाला. तुटक सरावाचा माणूस पहिल्या दोन आठवड्यांत ताजातवाना दिसतो, पुई द डोमवर ८ सेकंद काढतो, आणि तिसऱ्या आठवड्यात पाच तासांनंतरच्या घाटात संपतो. तुमच्या वहीतलं कोडं हेच आहे.

२०२४ला हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. ४ एप्रिलला बास्क प्रांताच्या शर्यतीत विंगेगार्ड पडला: गळपट्टीचं हाड, बरगड्या, फुफ्फुसाला इजा. २९ जूनला टूर सुरू. चौदा आठवड्यांत तो ले लिओराँला पोगाचारला दोघांच्या स्प्रिंटमध्ये हरवण्याइतका परतला, हेच विलक्षण. पण जिन्याची प्रत्येक पायरी त्याच्या अंगावर आली.

म्हणजे चारपैकी दोन वर्षं जखमांनी डागाळलेली, एक एकाची आणि एक दुसऱ्याची. तुलनेने स्वच्छ २०२२ आणि २०२५च, आणि त्यातही विंगेगार्ड २०२५च्या मार्चमध्ये पॅरिस–नीसला पडून शर्यतीबाहेर गेला होता.

२०२५ची लोझ वेगळ्या बाजूने होती, कुर्शवेलकडून, २६.४ किमी. २०२३ला मेरिबेलकडून चढले होते, जिथे शेवटच्या टप्प्यात भिंतीसारखे वीस टक्क्यांचे तुकडे येतात. डोंगराचं नाव तेच, घाट वेगळा. वहीत नाव लिहू नका, बाजू लिहा.

उलटावारा

@चाकोरी, बाजू वेगळी होती हे मान्य. पण २०२५ला विंगेगार्डच्या संघाने तोच जुना डाव टाकला होता, मादलेनच्या घाटातूनच हल्ला, शेवटापासून ७० किमीवर. पोगाचार हललाही नाही. रस्त्याची बाजू कुठलीही असती तरी तो माणूस आता २०२३चा राहिलेला नाही. "पाच तासांनंतर संपतो" हा शेरा खोडायची वेळ आली.

चाकोरी

खोडतो, पण अर्धाच. मादलेनवर तो हलला नाही, पण पुढे उडीही मारली नाही. व्हाँतूवर २ सेकंद, लोझवर ९, ला प्लान्यला विंगेगार्ड दुसरा आणि तो तिसरा. पिरेनीजमध्ये दोन दिवसांत पावणेतीन मिनिटं काढणारा माणूस आल्प्समध्ये चाकामागे बसून होता. आघाडीची पिवळी जर्सी अंगावर असताना ते शहाणपण असेल किंवा दमणूक असेल, बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून दरडीची शक्यता शून्य लिहायची नाही. पूर्वी दहात दोन लिहायचो, आता वीसात एक लिहीन.

दुसरं निरीक्षण यापेक्षा कामाचं आहे: विंगेगार्ड लवकर हरतो, पोगाचार (हरला तर) उशिरा. काँ पाचव्या टप्प्याला, व्हालुआर चौथ्याला. ग्रानों अकराव्याला, लोझ सतराव्याला. मार्ग बघताना कठीण टप्पे किती यापेक्षा ते कुठल्या आठवड्यात ते आधी बघा.

ताशी_पन्नास

टाइम ट्रायल. सगळे "किती किलोमीटर" विचारतात, विचारायचं "कसले किलोमीटर".

सपाट काँ, ३३ किमी, पोगाचारने ६५ सेकंद काढले. किलोमीटरला जवळजवळ २ सेकंद. कोंब्लू, २२.४ किमी, विंगेगार्डने ९८ सेकंद काढले. किलोमीटरला ४ सेकंदांच्या वर. तीच दोन माणसं, दोन वर्षांचं अंतर, आणि दिशा उलटी. सपाटीवर एकूण वॉट आणि हवेला दिलेलं अंग मोजलं जातं, किलोमागचे वॉट नाही. जड माणसाला तिथे दंड नाही. चढ आला की दंड सुरू.

सायकल बदलण्याचा हिशेबही ठेवा. कोंब्लूला पोगाचार दोमांसीच्या चढाच्या (२.५ किमी, ९.४ टक्के) पायथ्याशी टाइम ट्रायलची सायकल सोडून रोड बाइकवर बसला. विंगेगार्ड होता त्याच सायकलवर चढला. बदलायला थांबणं, पुन्हा वेग धरणं यात दहा-पंधरा सेकंद सहज जातात. हलक्या सायकलने ते २.५ किमीत परत मिळवायचे तर अवघडच. एक किलो हलकी सायकल त्या चढावर पाच-सहा सेकंद देईल, जास्त नाही. उरतो फायदा बसायच्या ठेवणीचा आणि गिअरचा. पेरागूदला २०२५ला (१०.९ किमी, त्यातले शेवटचे ८ चढाचे) तो सुरुवातीपासूनच साध्या रोड बाइकवर होता, विंगेगार्ड टाइम ट्रायलच्या सायकलवर. ३६ सेकंद पोगाचारचे. तिथे निवड बरोबर निघाली, कारण सपाट भाग जेमतेम ३ किमी आणि बदलायची भानगडच नाही.

ढोबळ नियम असा वापरतो: सपाट टाइम ट्रायलमध्ये सध्या पोगाचारला किलोमीटरला १ ते २ सेकंद द्या. डोंगरी असेल तर शून्य धरा आणि त्या आठवड्यातल्या तब्येतीवर सोडा. आणि एक इशारा: तिसऱ्या आठवड्यातल्या टाइम ट्रायलला पहिल्या आठवड्याचे आकडे लावू नका. २०२०ला रॉग्लिच ५७ सेकंदांनी पुढे असताना ला प्लांश दे बेल फीयला गेला, आणि एका दुपारी १:५६ हरला. जगातल्या उत्तम टाइम ट्रायलवाल्यांतला माणूस तो.

घाटमाथा

एक गोष्ट राहिली. तुम्ही दोघांचीच तुलना करताय, शर्यतीत तिसराही असतो.

२०२५चा जिरो, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची शर्यत. विसाव्या टप्प्याआधी देल तोरो पुढे, कारापाझ ४३ सेकंदांवर, सायमन येट्स १:२१वर. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे, १८.५ किमी, ९.२ टक्के, वरचे ८ किमी खडीचे. कारापाझने उड्या मारल्या, देल तोरो चिकटला, दोघे एकमेकांकडे बघत बसले आणि येट्स निघून गेला. वरून दरीत उतरल्यावर सकाळपासून पुढे गेलेला सहकारी फान आर्ट थांबला होता. सेस्त्रिएरेपर्यंतच्या सौम्य रस्त्यावर त्याने येट्सला ओढलं, म्हणजे पुढे राहून त्याच्यासाठी वारा कापला. मागे दोघांत कोण ओढणार यावर भांडण. शेवटी येट्स ३:५६ने जिंकला. तिघांत त्या दिवशी चढायला कोण वेगवान हे बाजूला ठेवा. "मी ओढलं तर तो जिंकेल" ही भीती देल तोरो आणि कारापाझला सारखीच होती, येट्सला नव्हती.

म्हणून वहीत आणखी एक रकाना: शेवटच्या दोन घाटांमध्ये सपाट दरी किती किमीची आहे? १५-२० किमी असेल तर एकटा निघालेला माणूस सापडतो, जर त्याचा कोणी आधीच पुढे गेला नसेल तर. दरी नसेल, उतरून लगेच चढ, तर संघ असला नसला सारखंच.

दुसरा_गिअर

सगळ्यांचे आभार, वही नव्याने मांडायला घेतली. २०२६वर लावून बघतो, चूक असेल तर कान धरा. बार्सिलोनाला संघाची टाइम ट्रायल, सुमारे १९ किमी. एकट्याची एकच, सोळाव्या टप्प्याला, एव्हियाँ ते तोनों २६ किमी. शेवटून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे आल्प द्युएझ: एकोणिसावा टप्पा गॅपहून १२८ किमी, विसावा १७१ किमीचा, एकूण चढाई ५,६०० मीटर, क्रुआ द फेर, तेलेग्राफ, गॅलिबिए आणि शेवटी सारेनकडून वर. म्हणजे दरडीचे दिवस सगळे शेवटी. चाकोरींच्या हिशेबाने हा विंगेगार्डचा मार्ग झाला ना?

चाकोरी

घाई करताय. विसावा टप्पा पोगाचारची परीक्षा घेणारा आहे, खरं. २,६४२ मीटरचा गॅलिबिए मध्ये आणि त्यानंतर सारेन. पण त्या दिवशी विंगेगार्ड किती मागे असेल? एक मिनिट मागे असला तर तो विसाव्याला लांबून निघू शकतो, पोगाचारला नेहमीची गती धरून बसता येत नाही. तीन मिनिटं मागे असला तर पोगाचार फक्त चाक धरून बसेल, जसा २०२५ला मादलेननंतर बसला. विसाव्याची दरड एकोणिसाव्यापर्यंतचा जिना ठरवणार.

ताशी_पन्नास

२६ किमी, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, सोळावा टप्पा. माझ्या नियमाने २६ ते ५२ सेकंद पोगाचारकडे, पण तिसरा आठवडा म्हणून मी खालचा आकडा धरतो, ३०. बार्सिलोनात संघांमुळे काही सेकंद इकडे किंवा तिकडे. एवढ्याने जिना होत नाही. पिरेनीज आणि प्लाटो द सोलेझोंला काय होतं तिकडे बघा.

उलटावारा

एकोणिसाव्यावर कोणी बोललं नाही. १२८ किमी म्हणजे साडेतीन तासांच्या आतला दिवस, आल्प द्युएझ १३.८ किमी आणि ८.१ टक्के, नेहमीच्या एकवीस वळणांनी. ताज्या पायांचा, ४० मिनिटांपेक्षा कमी वेळाचा घाट. हा पोगाचारचा. तिथे तो ३०-४० सेकंद काढायला जाणारच, आणि डाव तिथेच आहे: आदल्या दिवशी पेटी रिकामी केली तर दुसऱ्या दिवशीच्या ५,६०० मीटरला काय उरतं? २०२३ला टाइम ट्रायलनंतर लोझ आली होती, तसाच शेजार. मी त्याच्या जागी असतो तर एकोणिसाव्याला बोनसपुरतंच धावलो असतो. तो तसा धावणार नाही, स्वभाव नाही त्याचा.

दुसरा_गिअर

मग विसाव्याच्या रकान्यात पोगाचारपुढे किती लिहू, वीसात एक की दहात एक?

उलटावारा

आत्ता वीसात एक. एकोणिसाव्याला तो पायथ्यापासून उडी मारून एकटाच वर गेला तर दहात एक करा. आणि विंगेगार्डपुढेही तेवढंच लिहा, ते रिकामं ठेवलंय तुम्ही.